नोटिशीचे उत्तर कोणाला द्यायचे?



एखाद्या इमारतीला अग्निशमन खात्याची नोटीस आली, म्हणजे बहुतेक ठिकाणी पहिला प्रश्न एकच विचारला जातो : "आता याला उत्तर काय द्यायचे?" मालक वकिलाकडे जातो, वकील मुदत किती आहे ते पाहतो, मॅनेजर खात्यात कोणी ओळखीचा आहे का ते शोधतो, आणि सोसायटी असेल तर सेक्रेटरी सभेची तारीख लावतो. हा प्रश्न चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही. सरकारी कागदाला उत्तर द्यावेच लागते. पण त्याच्या आधी आणखी एक प्रश्न विचारायला हवा आणि तो सहसा कोणी विचारत नाही. हे उत्तर द्यायचे कोणाला? ज्या साहेबाची सही नोटिशीखाली आहे त्याला, की त्या इमारतीत रात्री झोपणाऱ्या माणसाला? वरवर पाहता हा कायद्याचा प्रश्न वाटतो. माझ्या मते तो नीतीचा आहे, आणि म्हणून आपण सर्वांनी त्याचा विचार करावा.

उदाहरणासाठी कतार देशाकडे पाहू. तो मुलुख आपल्याला अगदीच परका नाही. ज्या कोकणपट्टीतून आपली घराणी इकडे आली, त्याच पट्टीतल्या अलिबाग, मुरुड, श्रीवर्धन, महाडकडच्या गावांतून हजारो तरुण पोटासाठी आखातात गेले. आपल्या आजोबांच्या शेजाऱ्यांची नातवंडे आज तिकडे आहेत.

कतारची राजधानी दोहा. तेथे व्हिलाजिओ नावाचा मोठा मॉल २००६ साली उघडला. आत व्हेनिस शहरासारखा कालवा, कालव्यात होड्या आणि डोक्यावर छताला रंगवलेले निळे आकाश. २८ मे २०१२ रोजी, सोमवारी सकाळी अकराच्या सुमारास, तेथे आग लागली. एका दुकानातल्या दिव्याच्या विजेच्या बिघाडातून ती सुरू झाली असे चौकशी समितीने पुढे सांगितले. मॉलच्या वरच्या मजल्यावर लहान मुलांचे पाळणाघर होते. धूर भरला, जिन्याची वाट बंद झाली आणि शेवटी अग्निशमनाच्या जवानांना छप्पर फोडून आत शिरावे लागले. १९ जीव गेले : १३ मुले, ४ शिक्षिका आणि २ जवान. बहुतेकांचा घास ज्वाळांनी नव्हे, धुराने घेतला. शिक्षिका परदेशातून नोकरीसाठी आलेल्या होत्या. सारा जन्म वर्गात घालवलेल्या माणसाला त्या चौघींचा विसर पडणे कठीण आहे. सकाळी ज्यांची हजेरी घेतली, त्याच मुलांबरोबर त्या गेल्या.

समितीने आणखीही एक गोष्ट सांगितली. आराखडा, परवाना आणि सुरक्षिततेच्या अटी यांचे पालन सर्व संबंधितांकडून कमी-अधिक प्रमाणात झाले नव्हते. सजावटीसाठी पेट घेणारा रंग आणि नक्षीकाम वापरले होते. जून २०१३ मध्ये कोर्टाने पाच जणांना तुरुंगवासाच्या शिक्षा सुनावल्या. त्यांत पाळणाघराचे मालक होते, मॉलचे अधिकारी होते आणि नगरपालिकेचा एक कर्मचारीही होता. २०१५ साली अपिलात त्या शिक्षा रद्द झाल्या, आणि खटला त्यानंतरही वरच्या कोर्टात गेला. कायद्याने कोण किती दोषी हा वाद कोर्टाचा आहे, तो आपण येथे चालवणार नाही. आपल्याला 'सर्व संबंधित' आणि 'कमी-अधिक' एवढे दोनच शब्द ध्यानात ठेवायचे आहेत. एकाच दुष्टाने हे केले असते तर शिकण्यासारखे थोडेच होते. येथे पुष्कळ जणांनी थोडे थोडे सोडून दिले. मालकाला वाटले परवाना आहे म्हणजे सर्व ठीक आहे, परवाना देणाऱ्याला वाटले मॉल पाहून घेईल, मॉलला वाटले ते भाडेकरूचे काम आहे, असे अशा जागी नेहमी होते. सर्वांचे काम ते कोणाचेच नाही, ही म्हण यासाठीच आहे.

नोटीस येते ती हीच साखळी तोडण्यासाठी. कतारमध्ये ते काम गृहखात्याखालील सिव्हिल डिफेन्सचे लोक करतात, मुंबईत फायर ब्रिगेड करते, आपल्याकडे कबाऊत करते. एक माणूस येतो, जिना पाहतो, दार उघडून पाहतो, नळाला पाणी येते का ते पाहतो आणि कागदावर लिहून देतो की येथे अमुक नाही, तमुक बंद आहे, इतक्या दिवसांत दुरुस्त करा. त्या क्षणापर्यंत "आम्हाला ठाऊक नव्हते" असे म्हणण्याची सोय होती. त्या क्षणानंतर ती सोय उरत नाही.

हा फरक आपल्या पूर्वजांनी फार जुन्या काळी ओळखला होता. निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायात मारक्या बैलाचा कायदा आहे. एखाद्याचा बैल अचानक कोणाला शिंगाने मारतो आणि माणूस मरतो, तर दोष बैलाचा, मालक सुटतो. पण बैल आधीपासून मारका आहे, मालकाला तसे बजावलेले आहे आणि तरी त्याने बैल बांधून ठेवला नाही, तर मग मालकही जबाबदार. अशा बैलाला आपले रब्बी 'मुआद' म्हणतात. बैल तोच, शिंगेही तीच. मधल्या काळात बदलले ते एवढेच की मालकाला सांगितले गेले. आगीची नोटीस हे तेच बजावणे आहे. इमारत काल होती तशीच आज आहे, जिना तितकाच अरुंद, दाराला तेच कुलूप. पण काल ती साधी इमारत होती, आणि आज ती 'मुआद' आहे.

म्हणून नोटिशीला अपमान समजणे हा पहिला गैरसमज. ती म्हणजे आपल्याला फुकट मिळालेली माहिती आहे. डॉक्टरने छातीत दोष सांगितला तर आपण डॉक्टरशी भांडत नाही.

दुसरा गैरसमज असा की कागदाला कागदाने उत्तर दिले म्हणजे काम झाले. आमच्या पिढीने मुंबईच्या सिनेमा थिएटरांत भिंतीला टांगलेल्या लाल बादल्या पाहिल्या आहेत. नियमाप्रमाणे त्यांत वाळू असायची. प्रत्यक्षात विड्यांची थोटके, शेंगांची टरफले आणि पानाची पिंक. बादल्या मोजणाऱ्याला बादल्या पुऱ्या भरत होत्या. शाळेतही तेच. साहेब तपासणीला येणार म्हटले की आदल्या दिवशी वर्ग झाडून निघे, भिंतीवर तक्ते लागत, हुशार मुले पुढच्या बाकावर येत. साहेब गेले की तक्ते पुन्हा कपाटात. मुलांनी त्या दिवशी एक धडा मात्र पक्का शिकलेला असे : काम साहेबासाठी करायचे असते.

हाच धडा मोठेपणी घातक ठरतो. महाराष्ट्रात आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजनांचा २००६ सालचा कायदा आहे. ज्या इमारतींना तो लागू आहे, त्यांच्या मालकाने किंवा ताबेदाराने दर जानेवारीत आणि दर जुलैत, आमची यंत्रणा चालू स्थितीत आहे, असे प्रमाणपत्र द्यायचे असते. कायदा चांगला आहे. पण वर्षातून दोनदा कागद देणे आणि वर्षातून दोनदा पंप चालू करून पाहणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षात आग लागून १० बालके गेली. सारा महाराष्ट्र हळहळला आणि रुग्णालयांची अग्निसुरक्षा तपासण्याचे हुकूम सुटले. तरी त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला तेव्हाच्या अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभाग पेटला आणि त्या दिवशी ११ रुग्ण दगावले. हुकूम निघाल्याने भिंतीत पाण्याचा नळ उगवत नाही.

तिसरा मार्ग कोर्टाचा. येथे जरा जपून बोलायला हवे, कारण अपील करणे हा नागरिकाचा हक्क आहे आणि सरकारी माणूसही चुकतो. पण दिल्लीच्या उपहार थिएटरची हकीकत ऐका. १९८३ साली दिल्लीत थिएटरांची तपासणी झाली, सुरक्षिततेच्या उणिवा आढळल्या आणि काही थिएटरांचे परवाने स्थगित झाले. त्यांत उपहार होते. थिएटरवाले हायकोर्टात गेले आणि त्यांना मनाई हुकूम मिळाला. त्या आधारावर तात्पुरत्या परवान्यांनी थिएटर वर्षानुवर्षे चालू राहिले. बाल्कनीत जादा खुर्च्या घातल्याने एका बाजूची वाट बंद झालेली होती. १३ जून १९९७ रोजी तळमजल्यावरच्या ट्रान्सफॉर्मरमुळे आग लागली, धूर वर चढला आणि ५९ माणसे गेली. म्हणजे चौदा वर्षे मालकांची बाजू कायद्याने सांभाळली होती, प्रेक्षकांची कोणी सांभाळली नव्हती. कोर्टाचा मनाई हुकूम अधिकाऱ्याचा हात धरू शकतो. धुराला तो वाचता येत नाही.

येथे मी वाचकांपुढे एक कसोटी ठेवतो. अपील करायचे असेल तर खुशाल करा, पण ते करताना स्वतःला विचारा की मला नोटिशीतला मुद्दा खोटा वाटतो, की महाग वाटतो? खोटा वाटत असेल तर पुरावा द्या आणि पुन्हा तपासणी मागा. महाग वाटत असेल तर वेळ मागा. पण महाग आहे म्हणून खोटा ठरवू नका. आणि दोन्ही वेळी, निकाल लागेपर्यंत, जे बिनखर्चाने होईल ते आजच करा.

आता उलट बाजूचे म्हणणेही ऐकले पाहिजे, कारण ते पोकळ नाही.

लोक म्हणतात, इन्स्पेक्टर पैसे खातो आणि नोटीस ही पैसे काढण्याची युक्ती असते. असे होत असेलही. पण निरोप आणणारा कसा आहे यावरून निरोप खरा की खोटा ते ठरत नाही. लाचखाऊ माणसाने सांगितले म्हणून कुलूप लावलेले दार उघडे होत नाही. उलट, ज्याने लाच देऊन नोटीस मिटवली त्याने दुहेरी नुकसान केले. जिना तसाच राहिला, आणि पुढच्या वेळी खरे सांगायला कोणी उरले नाही.

दुसरे म्हणणे गरिबांचे आहे आणि ते अधिक गंभीर आहे. मुंबईच्या जुन्या चाळीत राहणाऱ्याला कोणी सांगितले की पाण्याची टाकी बांधा, पंप बसवा, नाही तर पाणी आणि वीज तोडू, तर त्याने जावे कोठे? कायद्यात तसा अधिकार आहे. सुरक्षिततेच्या नावाखाली माणसाला रस्त्यावर काढणे ही सुरक्षितता नव्हे. याचे उत्तर माझ्या मते असे आहे की जबाबदारी ताकदीच्या प्रमाणात असते. ज्याच्या हातात भाडे जाते, ज्याच्या हातात किल्ली आहे, ज्याच्या सहीने भिंत उभी राहते किंवा पडते, त्याचा वाटा मोठा. नोटीस देणाऱ्या खात्यालाही वाटा आहे. ज्याने धोका दाखवला त्याने मार्ग दाखवण्यास मदत करावी. भाडेकरूचा वाटा लहान आहे, पण तो शून्य नाही. पंप त्याच्या आवाक्याबाहेर असेल, आपले सामान वाटेतून काढणे नाही.

तिसरी एक बाब आहे, आणि माझ्या मते सर्वांत दुखणारी तीच आहे. नोटीस ज्याला येते तो बहुधा त्या इमारतीत झोपत नसतो, आणि जो झोपतो त्याला नोटीस दाखवलीच जात नाही. आखातातल्या कामगारांच्या वस्त्यांचा विचार करा. एका खोलीत अनेक खाटा, वर कपडे वाळत घातलेले, कोपऱ्यात शेगडी. सरकारी कागद अरबीत, फार तर इंग्रजीत. झोपणारे मल्याळी, बिहारी, नेपाळी, कोकणी. १२ जून २०२४ रोजी पहाटे कुवेतच्या मंगाफ भागात अशाच एका इमारतीला आग लागली. जवळजवळ ५० माणसे गेली, बहुतेक भारतीय. मधल्या भिंती पेट घेणाऱ्या सामानाच्या होत्या आणि गच्चीचे दार कुलूपबंद होते, असे तपासात निघाले. जिवाच्या आकांताने वर धावलेल्या माणसाला कुलपाशी थांबावे लागले. ते कुलूप काढायला पैसे लागत नव्हते. किल्ली ज्याच्या खिशात होती त्याला ते दार महत्त्वाचे वाटले पाहिजे होते, एवढेच.

दोह्याच्या पाळणाघरातही तेच. आईबापांनी मुलाचा डबा आणि झोपायची चादर दिली. छताच्या रंगाबद्दल, परवान्याच्या अटींबद्दल विचारण्याचे त्यांना कारणही नव्हते. जो माणूस आपल्यावर विश्वास टाकतो त्याला आपली फाइल उघडून पाहता येत नाही, म्हणूनच तर त्याला विश्वास टाकावा लागतो. मग नोटिशीचे उत्तर त्यालाच द्यायला नको का?

वाचक म्हणतील की दोहा आणि कुवेत दूर आहेत. मग घराजवळ या. ३० एप्रिल २०२१ रोजी मेरोनच्या डोंगरावर ४५ भाविक चेंगरून गेले. तेथे आग नव्हती, पण त्या जागेच्या धोक्याबद्दल स्टेट कंट्रोलरने २००८ आणि २०११ साली लिहून ठेवले होते. त्या कागदांना त्यांच्या शब्दांना शोभेल असे उत्तर कोणी दिले नाही.

आणि आणखी जवळ या, आपल्या स्वतःच्या जिन्यात. लोद, रामला, अश्दोद, बेरशेवा, दिमोना, कोठेही जा. शिकूनच्या जिन्यात काय दिसते? बाबागाडी, सायकल, जुना सोफा, सुक्कोतच्या फळ्या, आणि अलीकडे विजेच्या सायकलीची बॅटरी रात्रभर चार्जिंगला लावलेली. वाद बाइतचा माणूस चिठ्ठी लावतो, "कृपया जिना मोकळा ठेवा." आठ दिवसांनी चिठ्ठी निघते आणि सोफा तेथेच असतो. "अहो काका, नातवाची सायकल आहे, कोठे ठेवू?" असे कोणी म्हटले की काकाही गप्प बसतात, कारण रोज तोंड बघायचे असते. शेजारधर्म म्हणून आपण ज्याला सांभाळून घेतो, तोच शेजारधर्म तिसऱ्या मजल्यावरच्या म्हातारीला काठी टेकत अंधारात उतरताना आडवा येतो.

अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात नवे घर बांधणाऱ्याला आज्ञा आहे की गच्चीला कठडा कर, म्हणजे तेथून कोणी पडून त्याच्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येणार नाही. या आज्ञेचा मला नेहमी अचंबा वाटतो. अजून कोणी पडलेले नाही, कोणी तक्रार केलेली नाही, इन्स्पेक्टरही आलेला नाही. आणि कठडा घरमालकासाठी नाहीच. त्याला आपली गच्ची पाठ असते. कठडा आहे तो पाहुण्यासाठी, लहान मुलासाठी, रात्री चुकून कडेला जाणाऱ्यासाठी. ज्या घराने कठडा आधीच बांधला त्याला नोटिशीची वाट पाहावी लागत नाही. आपण बहुतेक जण इतके दूरदृष्टीचे नसतो, म्हणून सरकारला नोटीस काढावी लागते. तेव्हा तिचे उत्तर निदान त्या आज्ञेच्या मनाने द्यावे.

ते कसे द्यावे, हे शिक्षकाच्या सवयीने क्रमाने सांगतो. ज्यांच्यावर एखाद्या इमारतीची, दुकानाची, सभागृहाची किंवा सिनेगॉगची जबाबदारी आहे त्यांनी हे कात्रण जपून ठेवावे.

पहिले, नोटीस लपवू नका. तिची प्रत दारात लावा, आणि राहणाऱ्यांना कळेल अशा भाषेत खाली चार ओळी लिहा. ज्याचा जीव टांगणीला आहे त्याला प्रथम कळले पाहिजे.

दुसरे, नोटिशीतले मुद्दे तीन भागांत वाटा. जे आज रात्री बिनपैशाने होईल : वाट मोकळी करणे, कुलूप काढणे, जिन्यातला दिवा बदलणे. जे आठवड्यात होईल : आग विझवण्याची नळकांडी तपासून घेणे, वायरमनला बोलावून विजेचा बोर्ड दाखवणे. आणि जे पैशाशिवाय होणार नाही : पंप, टाकी, अलार्म, दुसरा जिना. सभा फक्त तिसऱ्या भागासाठी भरवा. पहिल्या भागासाठी सभा लागत नाही.

तिसरे, प्रत्येक कामापुढे एक तारीख आणि एका माणसाचे नाव लिहा. 'कमिटी पाहील' असे लिहू नका. कमिटीला हात नसतात.

चौथे, खात्याला उत्तर लिहाल ते खरे लिहा. झाले असेल ते झाले म्हणा, राहिले असेल ते राहिले म्हणा आणि मुदत मागा. न झालेल्या कामापुढे 'पूर्ण' लिहिणे हे साध्या खोट्यापेक्षा वाईट, कारण त्या एका शब्दावर विसंबून तपासणारा निघून जातो आणि झोपणारा झोपतो.

पाचवे, मुदत संपल्यावर नोटीस हातात घेऊन एकदा स्वतः जिना उतरून पाहा. शक्य तर दिवा मालवून पाहा. आणि बरोबर एखाद्या वृद्ध माणसाला किंवा लहान मुलाला घ्या.

वाचकहो, शेवटी सांगायचे ते इतकेच. साहेबाला दिलेले उत्तर फाइलला लागते, आणि साहेब बदलला की फाइलही विसरली जाते. ज्यांना खरे उत्तर हवे आहे ते आपल्याकडे उत्तर मागायला कधी येणार नाहीत. त्यांना ठाऊकही नसते की त्यांच्या वतीने आपल्याला प्रश्न विचारला गेला आहे. म्हणून ते आपणच, न विचारता, देऊन ठेवायचे असते. येत्या शब्बाथला सिनेगॉगमधून परत येताना घाई नसते. तेव्हा आपल्या जिन्यातून सावकाश वर चढा आणि वाटेत काय काय पडले आहे ते पाहा. त्यातले आपले असेल ते रविवारी प्रथम उचला. मग शेजाऱ्याच्या दारावर टकटक करायला तुम्हाला संकोच वाटणार नाही.